मोकळीक मंडळाचा उमेदवार

चावीवाल्यांच्या दुकानाबाहेरच्या बाकावर सकाळीच एक नोटीस चिकटवलेली सापडली आणि त्या दिवशी दुपारपर्यंत त्यांच्या हातून एकही चावी धड घासली गेली नाही. दुकानांबाहेरची बसण्याची सर्व साधने निवडणुकीनंतर चाळीस दिवसांत हटवण्यात येतील, असं नोटिशीत लिहिलं होतं. खाली नगरसेवकांची सही, सहीखाली शिक्का आणि शिक्क्याखाली पुन्हा सही.

"अगं, बाक काढा म्हणतायत!" चावीवाल्यांनी दुकानामागच्या घराकडे तोंड करून आरोळी ठोकली.

"मग ओरडताय कशाला? मी नाही चिकटवली ती," काकू आतून म्हणाल्या.

त्या बाकावर चावीवाल्यांचा भारी जीव होता. स्वतः ते आत स्टुलावर बसत. बाक होता तो घराबाहेर अडकलेल्यांसाठी. चावी आत राहून दार ओढलं गेलं की माणूस आधी दाराला शिव्या देतो, मग ज्याचा काही संबंध नाही अशा कुणाला तरी फोन करतो, आणि अखेर चावीवाल्यांकडे येतो. अशा माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, "होतं असं" म्हणायचं, आणि मगच हत्यारांची पेटी उचलायची. तीस वर्षं हा शिरस्ता होता. माणूस उभ्यानेच वैतागत राहिला तर त्याला स्वतःच्या घराचा पत्ताही नीट सांगता येत नाही, हा त्यांचा अनुभव होता. बाक गेला तर अर्धा धंदा गेला, असं ते म्हणत. पण खरं सांगायचं तर धंद्यापेक्षा त्यांना त्या बाकावरच्या गप्पा जास्त प्रिय होत्या.

नगरसेवक तसा वाईट माणूस नव्हता. फक्त कुठे काही मोकळं दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटायची. तीनदा निवडून येऊन त्याने पाट्यांचा रंग, कुंड्यांची उंची, कपडे वाळत घालायच्या वेळा, सगळं नियमात बसवलं होतं. आणि या खेपेला त्याच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार नव्हतं.

"आपणच शोधू या कुणीतरी," चावीवाले म्हणाले. "असा माणूस, जो लोकांना त्यांच्या मनासारखं जगू देईल. घरोघरी जाऊ, विचारू, निवडू."

अशा रीतीने मोकळीक मंडळ स्थापन झालं. सदस्य चार: चावीवाले, बेकरीवाला, निवृत्त पोस्टमन, आणि ही मंडळी काय घोळ घालतायत ते बघायला आलेल्या काकू.

पहिल्याच सभेत बेकरीवाल्याने विचारलं, "अध्यक्ष कोण?"

"कुणी नाही. इथे कुणी कुणाच्या डोक्यावर बसायचं नाही," चावीवाल्यांनी जाहीर केलं. त्यामुळे चाळीस मिनिटं चौघंही एकदमच बोलली. दुसऱ्या सभेत एक नियम झाला, की एका वेळी एकानेच बोलावं. मग वेळेवर येण्याचा झाला, मग दारावर किती वेळा टकटक करायची त्याचा. आठवड्याअखेर अकरा नियम झाले आणि चावीवाल्यांनी ते सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावले.

"बाहेर एक नोटीस होती, आत अकरा झाल्या," काकू म्हणाल्या.

"हे वेगळं आहे," चावीवाले म्हणाले. आणि त्यांनी तिरका झालेला अकरावा कागद सरळ केला.

उमेदवार पारखण्यासाठी त्यांनी बारा प्रश्नांची एक यादी केली. पाटीचा रंग कुणी ठरवावा, कुंडी किती उंच असावी, वगैरे. जो बाराच्या बारा वेळा लोकांच्या बाजूने उत्तर देईल तो आपला उमेदवार. चार दिवसांत एकशे चाळीस दारं वाजवून झाली आणि मंडळाचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. स्वातंत्र्य सगळ्यांनाच हवं होतं, पण प्रत्येकाला ते स्वतःपुरतंच हवं होतं. "माझ्या कुंड्या मी वाटेल तिथे ठेवीन, पण वरच्या मजल्यावरचा तबला तेवढा बंद करा." "पाटीला कुठलाही रंग चालेल, समोरच्यासारखा जांभळा सोडून." एका आजोबांनी अकरा प्रश्नांना फक्कड उत्तरं दिली आणि बाराव्याला जावयाबद्दलचे सहा नियम लिहून घ्यायला लावले.

बाराच्या बारा बरोबर आले ते एकीचेच, कोपऱ्यावरच्या टेलरबाईंचे. प्रश्न कुठलाही असो, मशीनवरची मान वर न करता त्यांनी एकच उत्तर दिलं होतं, "ज्याचं तो बघेल."

मंडळ वाजतगाजत त्यांच्याकडे गेलं. टेलरबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"ते प्रश्न तुमचे होते होय? मला वाटलं काहीतरी विकायला आलात. लवकर जावं म्हणून म्हटलं."

"पण उत्तरं मनापासूनच होती ना?" चावीवाल्यांनी काकुळतीला येऊन विचारलं.

"ती होती. पण मला वेळ नाही. शुक्रवारी शाळेला साठ शर्ट द्यायचेत. प्रत्येकी सहा बटणं. आणि तुमच्या त्या नगरसेवकाचा नियम, संध्याकाळी सहानंतर मशीन बंद. कधी शिवू मी?"

"आम्ही जबरदस्ती करणार नाही. आमच्या तत्त्वात ते बसत नाही," चावीवाले म्हणाले.

"मग उठा."

मंडळ उठलं. चावीवाल्यांचा चेहरा इतका पडला होता की दारापर्यंत गेल्यावर टेलरबाईंनाच राहवलं नाही. "असं करा. बटणं तुम्ही लावा, उभी मी राहते. निवडून आले तर पहिला तो मशीनचा नियम काढीन, आणि तुमच्या बाकाचा दुसरा."

प्रचार हा असा सुरू झाला. बाकावर चौघं ओळीने बसून बटणं लावू लागली. काकूंची झटपट होत. बेकरीवाल्याची सुई कमी वेळा कापडात आणि जास्त वेळा बोटात जायची. चावीवाले एकेक बटण असं बसवत, की ते पुन्हा कुणाला तोडता येऊ नये. घराबाहेर अडकलेली माणसं आली की पाण्याच्या पेल्याबरोबर त्यांच्याही हातात सुईदोरा पडे. तासाभराने दार उघडून घरी जाताना ती आणखी चार जणांना टेलरबाईंचं नाव सांगत. घरोघरी टकटक करून जे जमलं नव्हतं ते बटणांनी जमलं. गुरुवारी संध्याकाळी उमेदवारीचा अर्ज तयार झाला, त्यावर दहा सूचकांच्या सह्या झाल्या. मुदत शुक्रवारी दुपारी तीनची होती.

शुक्रवारी अकरा वाजता चावीवाल्यांनी हात पुढे केला. "आणा अर्ज."

पोस्टमननी खिसे चाचपले. चाळीस वर्षं घरोघरी पत्रं टाकलेल्या या माणसाला एक खोड होती. हातात कागद असला आणि समोर फट दिसली, की कागद आपोआप फटीत जायचा. एकदा विजेचं बिल त्यांनी स्वतःच्याच टोस्टरमध्ये टाकलं होतं.

"काल वारा फार होता," ते हळूच म्हणाले. "उडेल म्हणून मी तो टाकला..."

"कुठे?"

"शर्टाच्या खिशात."

"कुणाच्या?"

"ते माहीत नाही. साठ होते ना."

साठही शर्ट सकाळीच शाळेत पोचले होते. मंडळ टेलरबाईंना घेऊन शाळेत पोचलं तेव्हा साडेबारा वाजले होते. फोटोचा दिवस असल्यामुळे मुख्याध्यापिकांनी शर्ट लगेच वाटलेही होते, आणि साठ शर्टांत साठ मुलं भरून अंगणात ओळीने उभी होती.

"त्यात काय एवढं!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "चला रे, सगळ्यांनी खिसे दाखवा!"

पहिल्या खिशात पेन्सिल निघाली, दुसऱ्यात अर्धं बिस्किट. तिसऱ्या मुलीने मात्र खिशावर हात दाबून धरला.

"मी नाही दाखवणार. माझा खिसा आहे."

"बाळ, एकच मिनिट," चावीवाले गुडघ्यांवर बसले. "लोकांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न आहे."

"माझा खिसा आहे."

"मी सांगतेय म्हणून दाखव!" मुख्याध्यापिकांनी आवाज चढवला.

"थांबा," मागून टेलरबाई म्हणाल्या. "तिला नाही ना दाखवायचा? मग राहू दे."

"अहो, तुमचाच अर्ज आहे!" चावीवाले जवळजवळ रडकुंडीला आले.

"अर्ज माझा आहे. खिसा तिचा आहे."

"आणि त्यातच असला तर?"

"तर असू दे."

हे ऐकून चौथ्या मुलानेही खिशावर हात ठेवला. मग पाचव्याने. बघता बघता अंगणातले सगळे हात खिशांवर गेले आणि अख्खा वर्ग मोकळीक मंडळात दाखल झाला. चावीवाले डोकं धरून खाली पायरीवर बसले. ज्याच्यासाठी एकशे चाळीस दारं वाजवली ते सगळं हातभर अंतरावर होतं, आणि त्यांच्याच उमेदवाराने तिथे हात घालायला मनाई केली होती. राग यावा अशीच गोष्ट होती. पण बाई चुकल्या असं त्यांना काही केल्या म्हणता येईना, आणि त्याचाच त्यांना अधिक राग आला.

"रडताय काय? कोरा अर्ज आणा," टेलरबाई म्हणाल्या. बेकरीवाला सायकल घेऊन कचेरीकडे सुटला.

दीडला शाळा सुटली. फाटकाबाहेर आईबाप उभे होते, आणि तिसऱ्या मुलीने आपल्या खिशाची हकिगत आईला अशी काही रंगवून सांगितली, की ती ऐकायला बाकीचेही गोळा झाले. बेकरीवाला घामाघूम होऊन परतला तेव्हा त्याच्या हातून कोरा अर्ज त्या आईनेच ओढून घेतला.

"कुठे करायची सही?"

"सूचकाच्या रकान्यात. पण ताई, आधी नीट विचार..."

"झालाय विचार. पेन द्या."

रकाने दहाच होते. सह्या एकेचाळीस झाल्या. उरलेल्या समासात, मागच्या बाजूला आणि एक तर शिक्क्याच्या चौकोनात. तीनला दहा मिनिटं कमी असताना कचेरीतल्या साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला. "दहाच लागतात हो."

"ज्यांना करायची होती त्यांनी केली," टेलरबाई म्हणाल्या. साहेबांनी पहिल्या दहा मोजल्या आणि अर्ज दाखल करून घेतला. मूळचा अर्ज सोमवारी एका वडिलांनी दुकानात आणून दिला. तो शर्टाबरोबर धुतला गेला होता आणि त्यांनी बिचाऱ्यांनी त्याला इस्त्री करून आणली होती.

टेलरबाई त्रेसष्ट मतांनी निवडून आल्या. पहिल्या बैठकीत मशीनचा नियम गेला, दुसऱ्या बैठकीत बाकाचा. चावीवाल्यांनी बाकाला नवा रंग दिला, बेकरीवाल्याने सगळ्यांना पाव वाटले, आणि काकूंनी भिंतीवरचे अकरा नियम काढून त्या कागदांनी खिडकीच्या काचा पुसल्या. चावीवाल्यांना त्या दिवशी खरंच धन्य वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं तर बाकावर माजी नगरसेवक बसलेला.

"कचेरीची खोली सोडली," तो म्हणाला. "आता दिवसभर करायचं काय? म्हटलं इथे बसावं. बसायला आता बंदी नाही म्हणे."

तो बसला तो बसलाच. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्याही. चावी कशी घासावी ते त्याने चावीवाल्यांना सांगितलं. अडकून आलेल्या माणसाला, चावी कुठल्या खिशात ठेवायला हवी होती ते सांगितलं. पाण्याचा पेला कुठल्या हाताने द्यावा तेही सांगितलं. दहाव्या दिवशी चावीवाले तडक टेलरबाईंकडे गेले.

"एक छोटासा नियम करा. बाकापुरताच. फार वेळ बसणाऱ्यांसाठी."

"लेखी अर्ज द्या, वाचते," टेलरबाई म्हणाल्या आणि बाही कापू लागल्या.

चावीवाले दुकानात परतले, कागद पुढे ओढला आणि लिहू लागले. 'सदर बाकावर कोणीही अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ बसू नये.' ते थांबले. काहीतरी बोथट वाटत होतं. त्यांनी वाक्य पुटपुटत पुन्हा वाचलं.

"'बसू नये' नका लिहू," बाकावरून आवाज आला. "'बसण्यास सक्त मनाई आहे' लिहा. वजन येतं."

चावीवाल्यांनी ते लिहिलं.

"आणि अर्धा तास कुठल्या घड्याळाचा? ते आलं पाहिजे. नाहीतर लोक फाटे फोडतात."

तेही लिहिलं. मग 'अपवाद' आला, त्याला दोन पोटकलमं आली, आणि शेवटी कुणाची सही कुठे हवी तेही ठरलं. कागद भरला तेव्हा चावीवाल्यांना फार बरं वाटलं. नीटनेटकं, चोख काम झालं होतं. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून दाखवला.

"झकास," माजी नगरसेवक मनापासून म्हणाला. "माझ्या हाताखाली असता तर कुठल्या कुठे गेला असता हो तुम्ही."

चावीवाल्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा ज्या भिंतीवर अकरा नियम होते तिकडे. मग त्यांनी त्याची चार वेळा घडी केली, ती घासकामाच्या टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली सारली, चष्मा काढला आणि ते बाहेर आले.

"सरका जरा," ते म्हणाले.

माजी नगरसेवक सरकला, आणि कसं बसावं ते सांगू लागला.