माय बरी हाये

अमरावतीचा कापूस विलायतेला जाऊन सोनं होत होता, त्या वर्षांत आमच्या घरी विकून उरलेली भाजी शिजायची. बाप माळी. मळा चिंचोळा, त्यात कपाशीला जागाच नव्हती. तरी त्यानं मला शाळेत घातलं. पंतोजींनी नाव घेतलं, की मी मुका.

"शाळा तपासायले डिप्टीसायब येनार हाये. त्याच्यापुढं तोंड उघडलं नाई, त शाळा सोडून मोटेवर चाल," बाप म्हणाला, आणि मला गणुजी वस्तादाच्या तालमीत सोडून आला. "लय भेते, वस्ताद. पाहा काही जमते का."

वस्ताद लाठी शिकवतील असं मला वाटलं. त्यांनी मला पाडलं. मग वाकून विचारलं, "कशी हाये माय?"

माय म्हणजे भुई. पोरानं "बरी हाये" म्हणत उठायचं, अशी तिथली रीत. रडत म्हटलं तर पुन्हा आपटत. "मायले भेटून आला अन् रडून राहिला? काहून रे पोट्ट्या?" कित्येक दिवस लाठीला हात लावू दिला नाही. नुसतं पडणं.

वस्ताद एकटे राहत. एका व्यापाऱ्याच्या कापसाच्या वखारीवर पहारा करत, आणि पगारात थोडा कापूस मिळे. तो कधी विकला नाही. अंगावर मात्र ठिगळांची बंडी. "म्हाताऱ्यानं दडवला असन कुठी तरी," असं लोक म्हणत.

डिप्टीसाहेब आले. मला विचारलं, "सतरा सत्ते?"

चुकलो. वर्ग खो खो हसला. एरवी मी तिथंच संपलो असतो. पण अंगाला सवय लागली होती. तोंडातून निघून गेलं, "बरी हाये."

"कोण बरी आहे?"

"माय, साहेब. एकशे एकोणीस."

साहेबांना काही उमगलं नाही, पण त्यांनी मला पास केलं.

त्याच श्रावणात नागपंचमीच्या कुस्त्यांसाठी आम्ही पोरांनी तालमीची माती उकरली. लहान पोरं जिथं पडत, त्या कोपऱ्यात मातीखाली कापूस लागला. थरावर थर, मळका, दबलेला.

"वस्ताद, हे काय?"

त्यांनी तोंड फिरवलं. "घूस घेऊन आली असन. झाका लवकर."

आम्ही झाकला.

पुढे मी मुंबईला शिकलो, बी. ए. झालो. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मीच पहिला.