झाकण लावलेला डबा

बातमी आली तो एक साधा मंगळवार होता. लिफ्टमध्ये कागद चिकटवलेला: गुरुवारपासून ओला आणि सुका कचरा वेगळा दिला नाही, तर तो उचलला जाणार नाही.

आमच्याकडे हे खातं बायकोचं. तिला जाऊन आठ महिने झाले. तेव्हापासून मी सगळं एकाच पिशवीत कोंबत होतो. (एकट्या माणसाचा असून असून कचरा तो किती असणार, असं मला पिशवी फाटेपर्यंत वाटायचं.)

तिच्या राज्यात कुठलीही वस्तू निवृत्त होत नसे, फक्त तिची बदली होई. माझा बनियन आधी फडकं म्हणून, मग पायपुसणं म्हणून आणि शेवटी सायकलच्या साखळीवर रुजू व्हायचा. (एकदा घाईत मी फडक्याच्या हुद्द्यावरचा बनियन घालून ऑफिसात गेलो होतो. दिवसभर मला स्वतःचाच फिनेलसारखा वास येत होता.)

मी ठरवलं, ओट्याखालचं कपाट आज मोकळं करायचं. दार उघडलं मात्र, रिकाम्या बरण्या आणि डबे माझ्या अंगावर धावून आले. दोन पोती भरून मी कचरा नेणाऱ्या बाईंच्या ढकलगाडीवर ठेवली आणि कर्तबगार माणसासारखा मुलीला फोन केला.

"बाबा, भांड्यांच्या पावडरीचा डबा दिला नाहीत ना?"

"सगळेच दिले. का गं?"

"आईच्या चिठ्ठ्या त्यात आहेत!"

तिचं अक्षर घरात दुसरीकडे कुठेच नव्हतं. ती वही वापरत नसे. माझ्या ऑफिसातल्या पाठकोऱ्या कागदांचे तुकडे करून त्यांवर लिहायची. मी पायात मिळेल ते सरकवून पळत सुटलो. कचऱ्याच्या शेडपाशी पोचल्यावर कळलं, एका पायात बूट आहे आणि दुसऱ्यात बाथरूमची चप्पल.

बाई हातमोजे घालून ढिगापुढे बसल्या होत्या.

"एक डबा हवाय," मी धापा टाकत म्हणालो.

"इथं हजार आहेत. कुठला देऊ?"

"भांड्यांच्या पावडरीचा."

त्यांनी मागच्या फळीवरून डबा काढून पुढे केला. "बाजूला ठेवला होता."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दादा, वहिनी डबा धुऊन, वाळवून, झाकण वेगळं काढून द्यायच्या. वर्षानुवर्षं. हा धुतलेला, म्हणजे वहिनींचा. आणि झाकण लावलेलं, म्हणजे आत काहीतरी असणार." मग माझ्या पायांकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमची पिशवीही मी रोज ओळखते. नाक धरून."

मी डबा पोटाशी धरून घरी आलो.

चिठ्ठ्या होत्या. याद्या किंवा हिशेब नव्हेत, सूचना. एका बाजूला माझ्या रजेच्या अर्जाचा खर्डा, दुसऱ्या बाजूला तिचं बारीक अक्षर: 'ह्यांच्यासाठी. काच कागदात गुंडाळून द्यावी, बाई हातानं वेगळं करतात. बनियन बघून घालावा.' सगळ्यात वरची चिठ्ठी दवाखान्यातली होती, अक्षर जरा हललेलं: 'माझं कानातलं बाईंनी भाजीच्या सालांतून शोधून दिलं. त्यांचे नीट आभार मानायचे राहिले. ह्यांना सांगणे.'

 मी उठून ओट्यावरचे चार डबे रिकामे करून धुतले, वाळवले आणि मनात वाक्यं जुळवली. एकदा तिच्या वतीनं आभार, एकदा माझ्या.

गुरुवारी बेल वाजली. मी ऐटीत डबे पुढे केले. बाईंनी ते उलटेपालटे करून पाहिले. माझ्यासारख्याच्या हातून असं काही होईल, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. मी घसा खाकरला.

"दादा," त्या म्हणाल्या, "झाकणं?"

मी झाकणं आणायला आत धावलो. ती आठ निघाली, आठ वेगवेगळ्या ठिकाणी, त्यातली पाच या डब्यांची नव्हतीच. बाहेर आलो तेव्हा बाई गाडी घेऊन पुढच्या इमारतीत गेल्या होत्या.

आभार मानायचे राहूनच गेले.