थंडोबाचा घट्ट डबा

"गरम भरून झाकण लावू नकोस, आत पाणी सुटतं," हे बायको रोज डबा भरताना नवऱ्याने सांगावं आणि तिने या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यावं, असा त्या घरातला शिरस्ता होता. नवरा गुरांच्या खाद्याच्या, गोळीपेंडीच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीचा मुकादम. यंत्रातून निघालेल्या वाफाळत्या गोळ्या पंख्याखाली निवल्याशिवाय तो एक पोतं शिवू देत नसे. कामगार त्याला थंडोबा म्हणत. त्याला मात्र ती पदवीच वाटे.

एका मोठ्या गोठ्याचे मालक दुसऱ्या दिवशी सकाळी नमुना बघायला येणार होते. "ऑर्डर गेली तर दुसरी पाळी बंद," असं साहेबांनी बजावलं होतं. नमुना छान दिसावा म्हणून थंडोबाने घरून बायकोचा हवाबंद डबा नेला. पण त्याच संध्याकाळी कारखान्यातच कामाला असलेल्या मेहुण्याकडे जेवण होतं, आणि बायकोचा तिसरा फोन आला. पंख्याखाली पंधरा मिनिटं कोण थांबणार? गोळ्या गरमच भरल्या, झाकण दाबलं आणि पाळी सुटायच्या आत तो पळाला.

सकाळी त्याने सगळ्यांसमोर डबा उलटा केला. काहीच पडलं नाही. बुडाला थापट्या मारल्यावर डब्याएवढी एकच ढेप बद्दकन टेबलावर आली. तिच्यावर डब्याच्या बुडाची नक्षीसुद्धा उठली होती.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"घाम सुटून चिकटलंय. गरम भरलं," थंडोबा म्हणाला. "मीच." दुसऱ्यांना शिकवलेली अक्कल आपल्याच वेळी कुठे चरायला जाते, हे त्याला कळेना.

गोठेवाल्यांनी ढेप उचलून हुंगली. "माझ्या म्हशी निम्म्या गोळ्या पायाखाली तुडवतात. ही चाटत बसतील. अशा किती द्याल?"

"पण याला बुरशी येईल हो."

साहेबांनी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

"बुरशी यायला उरली तर ना," गोठेवाले म्हणाले. "ताजी पाठवा, त्याच दिवशी फस्त करतील."

पाळी वाचली. त्या दिवसापासून थंडोबा पंख्यापाशी उभा राहून ओरडू लागला, "अरे, निववू नका रे, गरमच दाबा." कामगार तोंड फिरवून हसत. त्यांना तो रागावणार तरी कोणत्या तोंडाने?

घरी मात्र मेहुण्याकरवी बातमी आधीच पोचली होती. दुसऱ्या दिवशी डबा भरताना बायको झाकण हातात धरून उभी राहिली.

"काय हो, आजचा डबा कसा भरू? तुमच्यासाठी, की म्हशीसाठी?"

थंडोबाने तिच्या हातातलं झाकण घेतलं आणि वाफ जायच्या आत स्वतःच लावलं.