वजनाला आई

मोटारसायकल नुसती पुसून ठेवली असती तर काहीच झालं नसतं. पण चष्म्याच्या दुकानदाराची नजर ती, नको तिथे जायचीच. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर त्याला तेलाची एक बारीक कड दिसली.

"ऑइल सील गेले," त्याने जाहीर केलं. "दोन्ही बाजूंचे."

 दुपारी बायकोची पक्क्या लायसन्सची टेस्ट होती. घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायची नोकरी तिला मिळाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि लॅबच्या मॅडमनी बजावलं होतं, लायसन्स नाही तर नोकरी नाही. मागच्या खेपेला आठाचा आकडा काढताना तिने पाय टेकवला आणि तिथेच सगळं आटोपलं.

"टेस्ट होऊ दे, मग बघा ना," ती म्हणाली.

"तेल गळणारी गाडी बघून साहेब तुला फाटकातूनच परत पाठवतील. अर्ध्या तासाचं काम आहे. नव्या रबरी सीलचा जोड केव्हाचा आणून ठेवलाय, व्हिडिओ पाहिलाय."

"गॅरेजवाल्याकडे न्या."

"तो दिवसभर ठेवून घेतो. अगं, मी रोज मोहरीएवढे स्क्रू फिरवतो. हे तर बोटाएवढे आहेत!"

माणसाला आत्मविश्वास जरूर असावा. सोबत थोडं कामही येत असावं, एवढंच आमचं म्हणणं.

खाली पोर्चमध्ये गाडी मधल्या स्टँडवर उभी होती. पुढचं चाक सुटलं तशी ती नाक खाली घालू लागली. मागे वजन ठेवायला धान्याचं पोतं वरच्या मजल्यावरून आणावं लागणार होतं. त्याची आई शेजारीच पायरीवर मटाराच्या शेंगा सोलत बसली होती.

"पोतं कशाला? मी आहे ना धडधाकट," म्हणत ती ताटासकट मागच्या सीटवर चढून बसली. गाडीचं नाक वर झालं.

"आई, पाचच मिनिटं," असं म्हणून तो दोन्ही शॉकअप सोडवून घेऊन वर गेला, कारण हत्यारं सगळी स्वयंपाकघरात होती.

हत्यारं म्हणजे काय, तर कालथा आणि खलबत्त्यातला बत्ता. कालथ्याने जुने सील उचकटले. सील निघाले, कालथा वाकडा झाला. नवा सील बसवायला मात्र दांडीवरून सरकेल असा पोकळ पाइप लागतो, त्यावर वरून ठोकायचं असतं. त्याने पेला लावून पाहिला, फुलदाणी लावून पाहिली, बायकोच्या केसांचे रोलरही सोडले नाहीत. शेवटी तो ओट्याखाली वाकला आणि आनंदाने ओरडलाच. सिंकखालचा पाइप अगदी नेमक्या मापाचा होता! त्याने लगेच करवत चालवली.

बायको गॅलरी ते स्वयंपाकघर येरझारा घालत होती.

"किती राहिलं?"

"झालंच."

"मघाशीही झालंच होतं!"

खालून आईची हाक आली, "अरे, उतरू का मी?"

"नको!" दोघं एकदम ओरडली.

तेल मोजून भरायला त्याने तिची नवी कोरी मोठी सिरिंज उचलली.

"ती माझ्या नोकरीची आहे!"

"मग हे काय माझ्या हौसेसाठी चाललंय?"

चाललं होतं हौसेसाठीच, पण ते असो. पाइप ठेवून बत्ता घातला आणि पहिला सील खरोखर बसला! त्या आनंदात त्याने तेलकट हातांनी बायकोचे दोन्ही हात धरले. ती वैतागून सिंककडे गेली, नळ पूर्ण सोडला आणि साबणाने खसाखसा हात धुऊ लागली.

"नळ बंद कर! नळ बंद कर!"

"आधी सांगता येत नाही का?"

तोवर दारात खालच्या मजल्यावरचे काका उभे. डोकं ओलंचिंब.

"आमच्या ओट्यावर धार लागलीय. बाहेर ऊन आणि घरात पाऊस! आणि वहिनी गाडीवर बसून कुठे निघाल्यात?"

काकांनी फोन करून प्लंबरला बोलावलं. तो मोटारसायकलवरून आला, ओट्याखाली डोकावला आणि म्हणाला, "पाइप काय उंदरांनी नेला?"

"आहे ना, हा काय." नवऱ्याने शॉकअप पुढे केला. पाइप दांडीवर गच्च अडकला होता.

"द्या इकडे."

"थांबा हो, दुसरा सील बाकी आहे!"

एका टोकाने प्लंबर ओढतोय, दुसऱ्या टोकाने हा. बायकोने घड्याळाकडे पाहिलं आणि ओल्या फरशीवर मटकन बसली.

"गेली माझी नोकरी," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "तुमच्या त्या सीलपायी गेली."

नवऱ्याने पाइप सोडला. त्याला मनापासून वाईट वाटलं, पण वाईट वाटून गाडीला चाक लागत नाही.

बायकोने डोळे पुसले. तिची नजर प्लंबरच्या कमरेला लटकणाऱ्या किल्लीवर गेली.

"भाऊ, इथे तुम्हाला किती वेळ लागेल?"

"पाइप बदलायचा, पाणी काढायचं... दोन तास कुठे गेले नाहीत."

"मग तेवढा वेळ गाडी द्या. कागद आहेत ना?"

"आहेत की. पण ताई, तुम्हाला चालवता येते का?"

"तेच साहेबांना दाखवायला चाललेय."

कच्च्या लायसन्सला मागे पक्क्या लायसन्सवाला हवा. "मी येतो," काका म्हणाले. "नाहीतरी घरात छत्री घेऊन बसायचंय."

नवरा धावत खाली आला, प्लंबरच्या गाडीपुढे उकिडवा बसला आणि किंचाळला, "अगं, हिचंही तेल गळतंय! दोन्हीकडून!"

वरच्या खिडकीतून प्लंबर ओरडला, "घेतली तेव्हापासून गळतंय! डिकीत फडकं आहे, पुसायचं आणि निघायचं!"

तिने पुसलंही नाही. किक मारली आणि काकांना घेऊन निघून गेली.

आता येरझारा घालायची पाळी नवऱ्याची होती. फाटकापर्यंत जायचा, परत यायचा.

"अरे, एका जागी बस," आई म्हणाली. "मी बसलेय ना?"

शेवटी हॉर्न वाजला. काका गाडी थांबायच्या आतच सांगू लागले, "पाय टेकवला नाही पोरीने! आठ काय, सोळा काढला असता!"

"साहेबांनी शॉकअप पाहिले का?" नवऱ्याने विचारलं.

"माझे पाय पाहिले फक्त," बायको म्हणाली. इतकी खूश ती लग्नातही दिसली नव्हती. "आई, चला, तुम्हाला चक्कर मारून आणते."

"आण बाई. सकाळपासून गाडीवर बसलेय, वीतभर पुढे गेले नाही."

आईने एक पाय खाली सोडला तशी पुढून लंगडी झालेली गाडी डुलू लागली.

"अहो, बघताय काय? बसा तिथे, पडेल ना गाडी!"

तो गडबडीने मागच्या सीटवर चढला. आईने शेंगांचं ताट त्याच्या मांडीवर ठेवलं आणि सुनेच्या मागे जाऊन बसली.

"अगं, पण याल कधी?"

"पाचच मिनिटं," बायको म्हणाली आणि गाडी फाटकाबाहेर पडली.