शिदोबा गव्याची पाठ आणि मुंगसांचा नियम

एका जंगलात, बाळांनो, पाठदुखीवर एकदा नियम आला. डॉक्टर लंबपुच्छ वानर परमुलखात शिकून आले, तेव्हा येताना तो घेऊन आले. नियम असा: नाक शेपटाला लागले तर रोग्याला घरी सोडावे, न लागले तर लागेपर्यंत वाकवावे. पुष्कळ पाठी तपासून तो केला होता. त्या सगळ्या मुंगसांच्या होत्या, पण एवढ्यातेवढ्याने शास्त्र अडत नसते.

शिदोबा गव्याची पाठ ओंडका ढकलताना लचकली. पाणवठा आटत आला होता, आणि सकाळी कळप घाट उतरून नदीवर जाणार होता. मागे राहील तो वाघाचा, हे वासरालाही ठाऊक असते. शिदोबा घाबरला आणि डॉक्टरांकडे गेला.

"नाक शेपटाला लावा."

"ते कधीच लागलं नाही, साहेब. पाठ चांगली होती तेव्हासुद्धा नाही."

"म्हणजे दुखणं जुनं आहे."

"थोडं चाललं की बरं वाटतं मला."

"तो प्रश्न नियमात नाही. चालू नका."

मग शिदोबाला वाकवून दोन सागांच्या मध्ये वेलींनी बांधले. सकाळी बायको आली. "अहो, सोडा ते. हळूहळू चला माझ्याबरोबर."

"अगं, उपचार अर्धवट टाकून कसं यायचं? एवढे शिकलेले आहेत ते. काय म्हणतील?"

तिने पुन्हा विनवले. मग वासराला घेऊन ती कळपामागे गेली. शिदोबाला रडू आले, पण मान वाकवलेली असल्यामुळे नीट रडताही येईना.

दुपारी वाघ आला. शिदोबाने जिवाच्या आकांताने हिसडा मारला, वेली तुटल्या आणि तो धावत सुटला. धावता धावता पाठ मोकळी झाली. खाली नदी दिसली, कळप दिसला. त्याला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

तेवढ्यात झाडाच्या शेंड्यावरून डॉक्टर ओरडले, "शिदोबा, नियमाप्रमाणे तुम्ही अजून बरे झालेले नाही!"

शिदोबा भिडस्त होता. तो परत फिरला.

पुढच्या महिन्यात डॉक्टरांचा सत्कार झाला. "उपचार पूर्ण केलेल्यांपैकी आज एकाचीही पाठ दुखत नाही," असे त्यांनी सांगितले, आणि ते अगदी खरे होते. अध्यक्षस्थानी वाघ होता.

तात्पर्य: 'मोडेन पण वाकणार नाही' हा अडाण्यांचा बाणा. शहाण्याने नियमाप्रमाणे आधी वाकावे, मग मोडावे.