आर्डिसची डावी काठी

"माझी डावी काठी हल्ली आपोआप डावीकडे सरकते," आर्डिस टॉरगर्सन फोनवर मुलीला म्हणाली. "नाताळला काही द्यायचंच असेल तर नवी काठी द्या. सपाता नकोत."

सपाता नकोत, हे ती गेली कित्येक वर्षं सांगत होती आणि कित्येक वर्षं तिला सपाताच मिळत होत्या. काठी मात्र तिने पहिल्यांदाच मागितली. टीव्हीवर खेळायच्या खेळाचा जो कंट्रोलर असतो, त्यावर दोन्ही अंगठ्यांखाली दोन बोंडं असतात. बोंड ज्या बाजूला कलवावं तिकडे पडद्यावरचं माणूस चालतं. खेळणारे या बोंडांना काठ्याच म्हणतात. आर्डिसच्या कंट्रोलरची डावी काठी झिजली होती. हात लावला नाही तरी तिचं माणूस डावीकडे चालू लागे.

नवरा ऑर्विल गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने तो खेळ स्वतः जाऊन आणला होता. मुलांना वाटलं, नातवंडं येतील तेव्हासाठी आणला असेल. आर्डिसने लपवलं काहीच नाही. कुणी विचारलंच नाही. सकाळी बायबलचा एक अध्याय, दुपारी चर्चमधल्या गोधड्या आणि दिवेलागणीला खेळ, असा तिचा नेम होता. त्या खेळात डोंगरावर एक देऊळ होतं. रोज वर चढून जायचं आणि एक पणती लावायची. एक दिवस चुकला की आधीच्या सगळ्या विझायच्या. आर्डिसची एकही विझलेली नव्हती. नेम धरणाऱ्या बाईला याहून जास्त सांगायला नको.

मुलगी रेने फोनवर म्हणाली, "आई, पडलीबिडली नाहीस ना?"

"रोज पडते. पुलापाशी आलं की काठी डावीकडे ओढते आणि मी थेट खाली."

गावात तळ्यावर एक अरुंद लाकडी पूल होता आणि डिसेंबरात त्याच्यावर काचेसारखा बर्फ होता. रेनेच्या डोळ्यांसमोर तोच आला.

"मग उठवतं कोण तुला?"

"बर्नीस येते ना."

"चर्चमधल्या बर्नीसचा तर खुबा बदललाय, आई. ती कशी येते?"

"उडत," आर्डिस म्हणाली.

यावर रेनेने अतिशय प्रेमळ आवाजात आणखी पुष्कळ विचारलं. देऊळ कुठे आहे, पणत्या कोण लावायला सांगतं, बर्नीसला पंख कधीपासून आहेत. आर्डिसने सगळं हौसेने सांगितलं. फोन ठेवल्यावर ओट्यावरची लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पातळ नॉर्वेजियन पोळी, लाटता लाटता ती एकटीच हसली. आपण काय खेळतो हे पोटच्या पोरीने आज पहिल्यांदा विचारलं होतं. त्या आनंदात तिने चार लेफ्सा जास्त लाटल्या.

रेनेने मात्र फोन ठेवला तो भावाला लावण्यासाठीच. कर्टिस मिनियापोलिसला विमा कंपनीत होता. अपघात होण्याआधी कागद तयार ठेवावेत हे त्याचं ब्रीद होतं. आई गुपचूप काठी वापरते, पुलावरून पडते आणि तिला पंखवाली बर्नीस दिसते, एवढं ऐकून त्याने त्याच दुपारी तळ्यापलीकडच्या वृद्धनिवासात फोन केला. तिथे नशिबाने एक खोली रिकामी होती. तळ्याकडे खिडकी. त्याने ती आईच्या नावाने धरून ठेवली आणि बहिणीला बजावलं की नाताळच्या आदल्या संध्याकाळी, भेटी उघडून झाल्या की, मी सांगेन; तोवर आईला चाहूल लागू द्यायची नाही.

त्या दिवशी दुपारी मुलगा, सून आणि मुलगी आली. आर्डिस बूट चढवून, वाळूची बादली घेऊन पायऱ्यांवर वाळू टाकायला निघाली होती. हे काम ती बर्फ पडायला लागल्यापासून रोज करायची. कर्टिसने तिच्या हातातून बादली काढून घेतली.

"आता तू बाहेर पाऊल टाकायचं नाहीस, आई."

"मग वाळू कोण टाकणार?"

"मी बघतो," कर्टिस म्हणाला. त्याने बादली गॅरेजमध्ये नेऊन ठेवली आणि आत येऊन कॉफी घेतली. वाळूचं तिथेच राहिलं.

जेवणं झाली, मेणबत्त्या लागल्या, भेटी आल्या. आर्डिसने कंट्रोलरएवढा खोका डोळ्यांनीच शोधला. तसा एकही नव्हता. सगळे लांबट होते. रेनेच्या खोक्यातून काठी निघाली. टोकाला बर्फात रुतणारा खिळा. आर्डिसने ती उलटीसुलटी करून पाहिली.

"वेगळी आहे," ती म्हणाली.

त्या गावात भेट आवडली नाही की माणसं 'वेगळी आहे' म्हणतात. याहून कडू शब्द तिथे कुणी कुणाच्या तोंडावर उच्चारलेला नाही. कर्टिसच्या खोक्यातून चार पायांची काठी निघाली, तेव्हा आर्डिस म्हणाली की ही तर फारच वेगळी आहे. सून जोलीनने गळ्यात घालायचं एक लॉकेट दिलं. पडल्यावर त्याचं बटण दाबलं की रुग्णवाहिका येते, असं तिने समजावलं.

"पण मला तर डोंगरावर पडायला होतं," आर्डिस म्हणाली. "तिथे कशी येईल?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग कर्टिस खुर्ची पुढे ओढून, विम्याचे हप्ते थकलेल्या माणसाशी बोलावं तशा हळुवारपणे बोलू लागला. घर मोठं आहे, हिवाळा लांब आहे, आम्ही दूर आहोत. तळ्याकाठी छान खोली आहे. गोधड्यांचा वर्ग आहे. जेवण आयतं आहे. नव्या वर्षात सामान हलवू. घराचं पुढे काय करायचं ते उन्हाळ्यात बघू.

आर्डिसने सगळं ऐकून घेतलं. ती उभ्या आयुष्यात कुणावर ओरडली नव्हती, आणि आजही ओरडली नाही. तिने मांडीवरच्या दोन्ही काठ्या उचलून कोपऱ्यात ठेवल्या, खिडकीबाहेर पाहिलं. अंधार कधीचाच पडला होता.

"माझी वेळ टळत चाललीय," ती म्हणाली आणि उठली.

"आई, आपण बोलतोय."

"तू बोलतोयस. मला पणती लावायचीय."

रेने तोंडावर हात धरून बसली. आर्डिसने टीव्हीखालचं कपाट उघडलं, कंट्रोलर घेतला आणि लेकरांकडे पाठ करून आपल्या खुर्चीत बसली. पडद्यावर डोंगर आला, बर्फ आला, डोंगराच्या कुशीत दिव्यांनी झगमगणारं देऊळ आलं. एक ठेंगणी, लाल टोपीतली बाई पुलावर चढली, डावीकडे सरकली आणि दरीत पडली.

 तेवढ्यात वरून निळे पंख फडफडवत दुसरी बाई उतरली, आणि टीव्हीतून बर्नीसचा, चर्चमध्ये सगळ्यांत वरच्या पट्टीत गाणाऱ्या आणि आत्ता आपल्या घरी बसून खेळणाऱ्या खऱ्या बर्नीसचा, आवाज आला:

"पडलीस ना पुन्हा? नवी काठी मिळाली का गं?"

"दोन मिळाल्या," आर्डिस म्हणाली. "एकही चालत नाही."

रेनेला रडावं की हसावं कळेना. तिने आधी एक केलं, मग दुसरं. जोलीनने लॉकेट हळूच परत खोक्यात ठेवलं. कर्टिस मात्र उठून उभा राहिला. चूक झाल्याचं त्याला दिसत होतं. पण धरलेली खोली सोडायची तर चूक बोलून दाखवावी लागणार होती. तो म्हणाला की खेळाचं राहू दे, वयाचं काय, बर्फाचं काय, उद्या खरंच पडलीस तर?

आर्डिसने पणती लावली, मग मान वळवली.

"कर्टिस, या घराच्या पायऱ्यांवर मी एकदाही पडलेले नाही. मला इथून जायचं असेल तेव्हा मी माझ्या पायांनी जाईन, आणि जायचं नसेल तर शेवटी पास्टर येतील पेटीतून न्यायला. मधला रस्ता नाही. तुझ्या खोलीत गोधड्या शिवायला दुसरी कोणी बघ."

"बरं," कर्टिस म्हणाला. त्या गावात 'बरं'चाही अर्थ बरं नसतो. गाडीतून सामान आणतो, असं पुटपुटत तो शहरातले गुळगुळीत बूट घालून ताडताड बाहेर गेला.

आवाज सगळ्यांनी ऐकला. पहिली पायरी, दुसरी पायरी, मग धप्प.

सगळ्यांत आधी पोचली ती आर्डिस, खिळ्यांचे बूट घालून, हातात गॅरेजमधून काढलेली वाळूची बादली घेऊन. तिने आधी पायऱ्यांवर वाळू टाकली आणि मग मुलाच्या काखेत हात घातला. तो गाडीपर्यंत गेला तो रेनेच्या काठीच्या आधाराने. काठी खरोखर चांगली होती. बर्फात छान रुतत होती.

डॉक्टरांनी घोटा बांधला आणि पाय जमिनीला लावू नका, गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. जोलीनला कामावर जायचं होतं, रेनेलाही. कर्टिस मागे राहिला, आईच्या कोचावर. आर्डिसने त्याला आयतं जेवण दिलं, सपातांचे पाच कोरे जोड पुढ्यात मांडून निवडायला सांगितलं आणि रात्री लागलं तर असावं म्हणून लॉकेटही त्याच्याच गळ्यात घातलं. तो पहिले दोन दिवस छताकडे बघत पडून होता. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं की उजवं बटण कशाचं.

नव्या वर्षात रेनेने पाठवलेला नवा कंट्रोलर पोस्टाने आला. नवा आर्डिसने घेतला. जुना कर्टिसला दिला.

त्याच आठवड्यात वृद्धनिवासाच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. खोली धरून ठेवलीय, आई कधी येताहेत? कर्टिसने फोन खांद्याने कानाशी दाबला. हात रिकामे नव्हते.

"आई ठणठणीत आहे हो," तो म्हणाला. "मीच सारखा पडतोय. डावी काठी आपोआप सरकते. आत्ताच पुलावरून खाली गेलो. ती ऐंशी वर्षांची बर्नीस उडत आली म्हणून, नाहीतर आज माझ्या सगळ्या पणत्या विझल्या असत्या."

 मग मॅनेजरबाईंचा आवाज एकदम मऊ झाला.

"मिस्टर टॉरगर्सन, तुमचं वय काय म्हणालात? म्हणजे, खोली तुमच्या नावावर करायची तर लगेच होईल. खिडकी तळ्याकडेच आहे."

कर्टिसने बांधलेल्या पायाकडे पाहिलं, कोचाला टेकवलेल्या काठीकडे पाहिलं, गळ्यातल्या लॉकेटकडे पाहिलं.  शेवटी आर्डिसने नजर पडद्यावरून न काढता त्याच्याकडून फोन घेतला.

"या घरातून तूर्त कुणीच येणार नाही, बाई," ती म्हणाली. "आम्ही पुलावर आहोत."