दिवाणखान्याच्या जमिनीची मोहीम व मिस्त्रींचा मुक्काम

वाचणाऱ्या हुजुरांनी मेहेरबानी करोन चपला बाहेर काढाव्या आणि मग बसावे, कारण हकीकत जमिनीची आहे. जमिनीपायी राज्ये गेली आणि जमिनीपायी सख्खे भाऊ अबोल जाहले, हे जगजाहीर. परंतु सवादोनशे चौरस फुटांच्या दिवाणखान्यापायी एका घराने जी शर्थ केली, ती कोणी लिहोन ठेविली नाही, म्हणोन हा कागद. यात मीठमसाला असेल तो चवीपुरता.

प्रारंभ ऐसा जे, भिंतीतला नळ फुटला आणि पाणी शिरोन जुनी फरशी फुगली आणि एके सकाळी घरधनी चहाचा कप हाती घेवोन येत असता ठेच लागोन कपासुद्धा धारातीर्थी पडले. कप गेला, घरधनी वाचले. मग नवी जमीन घालावी ऐसी मसलत जाहली आणि घरात दोन तट पडले. घरधनी शाळेत भूगोल शिकविणारे, पृथ्वीवरील तमाम नद्या मुखोद्गत, परंतु हॉटेलात चहा की कॉफी यावर अर्धा तास खलबत करणारे. ते अस्सल लाकडाच्या बाजूस गेले. त्यांच्या पत्नी, म्हणजे या घरच्या सूनबाई, औषधांच्या दुकानी तैनात, डॉक्टरांचे अक्षर लावण्यात त्यांचा हात धरणारा पैदा व्हावयाचा होता. त्यांनी लॅमिनेटचा झेंडा धरिला. लॅमिनेट म्हणजे भुसा दाबोन केलेली फळी, वर लाकडाचे छायाचित्र. पुसावयास सोपी, आणि पुसणार कोण हे सूनबाई पुरते जाणोन होत्या. मग उभयपक्षी नमुने मैदानात मांडोन त्यांवर पाणी ओतिले, किल्ल्या ओढिल्या आणि कमरेच्या उंचीवरोन भरले पातेले टाकिले. पातेले कामी आले. नमुने दोन्ही शाबूत राहिले आणि निकाल लागला नाही.

आता खरी गोष्ट सांगणे प्राप्त आहे. घरधन्यांचे तीर्थरूप, पन्नास वर्षे रंधा चालविलेले सुतार, मिस्त्री या किताबाने मशहूर, पत्नी निवर्तल्यापासोन शहराच्या दुसऱ्या टोकास तिसऱ्या मजल्यावर एकले राहात. गेल्या थंडीत न्हाणीघरात पाय घसरोन ते दोन तास तेथेच बसोन होते, आणि कोणास कळले नाही. ते ऐकल्यापासोन सूनबाईंच्या जिवास स्वस्थता नव्हती. त्यांस आपल्या घरी आणावे, ही सूनबाईंची असली मोहीम. पाच वेळा बोलणी लाविली, पाचही वेळा "मी माझ्या घरी बरा" ऐसा जबाब येवोन बोलणी फिसकटली. त्यात जमिनीच्या तंट्याची बातमी त्यांच्या कानी गेली आणि फोनवरोन फर्मान सुटले: "लाकडाच्या फोटोवर मी पाय ठेवणार नाही." सूनबाईंनी ते ऐकिले आणि तत्क्षणी लॅमिनेटचे मोर्चे उठविले. पुसावे लागेल तर पुसू, म्हणाल्या.

घरधन्यांनी दोन्ही माल महिनाभर फोनमधील टोपलीत घालोन ठेविले होते, कारण एकही टाकवेना. आता एक काढावा आणि दुसरा मागवावा, इतकेच काम उरले. त्यांनी डोळे मिटोन एक काढिला आणि दुसरा मागविला, आणि विजयी मुद्रेने तीर्थरूपांस कळविले की सागवान येत आहे, आणि घालण्याआधी काही दिवस खोलीत तैसेच ठेवावे लागते म्हणतात. तो पलीकडोन जबाब आला: "म्हणतात काय? नवं लाकूड अनोळखी घरात एकटं सोडतात होय रे? सवय व्हायला पंधरा दिवस लागतात त्याला. मी येतो." सूनबाई शेजारी उभ्या होत्या, त्या खुर्चीवर बसल्या.

तिसरे दिवशी चौदा खोकी दाखल जाहली आणि पाठोपाठ खासा मिस्त्री एक पिशवी घेवोन दाखल जाहले. मिस्त्रींनी एका खोक्यावर टिचकी मारिली, क्षणभर कान दिला आणि चहा मागविला. ते चहा घेत असता सूनबाईंची नजर खोक्याच्या तळाशी गेली. मुंगीएवढे अक्षर होते: लॅमिनेट, अठ्ठेचाळीस तास ठेवावे. म्हणजे आपलाच पक्ष न लढता जिंकला! परंतु ही फत्ते जाहीर करावी, तर परवा मिस्त्री पिशवी उचलोन स्वगृही रवाना. सूनबाईंनी पर्समधील औषधाचे लेबल काढोन त्या अक्षरांवर चिकटविले आणि वर लिहिले, पंधरा दिवस. लेबल छापील होते, त्यावर खाली "दिवसातून दोन वेळा, जेवणानंतर" हे राहोनच गेले.

मग काय विचारता. मिस्त्रींनी चष्मा लावोन लेबल वाचिले आणि दोन्ही जेवणे उरकताच खोकी उलटी करावी ऐसा हुकूम सादर केला. घरधनी उचलीत आणि मिस्त्री सोफ्यावरोन चुका काढीत. खोक्यांवरच चहा होई, त्यांवरच पत्ते पिसले जात, आणि एके दिवशी सूनबाई कामावरोन आल्या तो मिस्त्री स्वयंपाकघराचे कुरकुरते कपाट दुरुस्त करोन वर गाणे गुणगुणत होते. सूनबाईंस बरे वाटले आणि भीतीही वाटली, कारण दिवस बारावा होता.

सोळावे दिवशी जमीन घालणारे कारागीर आले, पहिले खोके फोडिले, आणि कडेचा भुसा सर्वांस दिसला. घरधनी फोनमधील टोपली उघडोन पाहू लागले. सूनबाई पुढे होवोन म्हणाल्या, "बाबा, लेबल मी चिकटवलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मलाही," मिस्त्री बोलिले. "टिचकी मारली तेव्हाच कळलं. सागवान असं बोलत नाही."

"मग दोन वेळा उलटायला का लावलंत?" घरधनी कंबर धरोन पुसते जाहले.

"लेबलवर होतं तसं घेतलं. फळ्यांना काही फरक पडला नाही, पण मला गुण आला."

सूनबाईंनी पदराने डोळे पुसले आणि कारागिरांस चहा ठेवावयास आत गेल्या.

येणेप्रमाणे दिवाणखान्यात लॅमिनेटचा अंमल कायम जाहला आणि तह ठरला. फोटोवर पाय ठेवणार नाही, ही मिस्त्रींची प्रतिज्ञा अभंग राखावी. सबब सूनबाईंनी मऊ तळव्याच्या, न घसरणाऱ्या घरातल्या चपला आणोन नजर कराव्या, आणि मिस्त्रींनी पाय चपलांवर ठेवावा, चपलांनी काय ते फोटोचे पाहोन घ्यावे. त्या चपला त्यांच्या पलंगाखाली असतात. पिशवी माळ्यावर गेली. फत्ते जाहली.